एक लाखाचं विमान



कविता लिहिणाऱ्या माणसाने संगणकाच्या सुट्या भागांवर बोलावं, हा थोडा आगाऊपणाच आहे. मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण २०२३ च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, माझ्या हातात एक लाख रुपये ठेवले आणि म्हणाली, "पोराला विमानाचा संगणक घ्यायचाय. दुकानदार त्याला गुंडाळतील. तू बरोबर जा." शिवणयंत्रावर बसून साठवलेले पैसे होते ते. तेव्हा शिकणं भागच होतं.

भाच्याला वैमानिक व्हायचं होतं. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च काही दहा लाखांच्या घरात जातो. ते आमच्या आवाक्यात नव्हतं. मग ठरलं, की तूर्त बी.एस्सी. करायचं आणि घरी सिम्युलेटरवर उडायचं. सिम्युलेटर म्हणजे उड्डाणाची हुबेहूब नक्कल.

ही नक्कल काही नवी नाही. १९२९ साली, म्हणजे ज्या वर्षी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला त्याच वर्षी, अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाने जमिनीवर बसून उडायला शिकवणारं यंत्र तयार केलं. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्याने एका छोट्या लाकडी विमानाखाली बसवले. दांडी हलवली, की भाते फुगायचे, विमान कलायचं. लोकांना ते जत्रेतलं खेळणं वाटलं. पुढे १९३४ मध्ये टपाल वाहून नेताना खराब हवेत अमेरिकी लष्कराचे वैमानिक मेले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रं घेतली. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आणला आणि ही विद्या घरातल्या मेजावर आली.

आम्ही मामा-भाचे मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. पहिल्या दुकानात कोटेशन मिळालं ते असं: महागडं ग्राफिक्स कार्ड, बेताचा प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी, नाव-गाव नसलेला एसएमपीएस आणि रंगीत दिवे लावलेलं काचेचं कॅबिनेट. भाचा दिव्यांकडे बघत होता. मी म्हटलं, "बेटा, आपण लग्नाच्या मांडवासाठी आलेलो नाही."

दुकानदार लबाड नव्हता. तो खेळांसाठी संगणक देत होता. मारामारीच्या बऱ्याचशा खेळांत पैसे ग्राफिक्स कार्डावर घातलेले वसूल होतात. सिम्युलेटरचं तसं नाही. पंखावरून जाणारी हवा, इंजिन, काट्यांची तबकडी, ढग, आजूबाजूची विमानं, खालची जमीन, या सगळ्याचा हिशेब क्षणाक्षणाला मांडावा लागतो. आणि त्यातला मोठा भाग एकाच मुख्य धाग्यावरून जातो. लग्नाच्या स्वयंपाकात कांदा चिरायला दहा माणसं असली, तरी फोडणी देणारा आचारी एकच असतो. त्याचा हात मंद असेल तर दहाही जण पातेल्याभोवती उभे राहतात. म्हणून प्रोसेसरला गाभे किती, यापेक्षा एक गाभा किती चपळ, हे आधी विचारायचं.

आम्ही घेतला तो एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी. त्याची गंमत कवीला लगेच कळते. त्याचाच भाऊ असलेला ५८००एक्स कागदावर जास्त वेगाचा, ४.७ गिगाहर्ट्झ, हा ४.५. पण भावाच्या पोटात जवळची स्मृती, ज्याला कॅशे म्हणतात, ती ३२ मेगाबाइट. याच्या पोटात ९६. सिम्युलेटरला सारख्या छोट्या छोट्या गोष्टी आठवाव्या लागतात. त्या जवळच सापडल्या तर रॅमपर्यंत हेलपाटा पडत नाही. मुशायऱ्यात बसलेल्या शायराला शब्द जिभेवर हवा असतो, घरच्या कपाटातला शब्द तिथे कामाचा नाही. तसंच हे.

मग ग्राफिक्स कार्ड कमी महत्त्वाचं का? नाही. पण ते पडद्यावर ठरतं. साध्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर ८३ लाख. म्हणजे चौपट काम. तेव्हा आधी पडदा ठरवावा, मग कार्ड. आमच्याकडे जुना मॉनिटर होता, तोच ठेवला आणि १२ जीबी स्मृतीचं मधल्या प्रतीचं कार्ड घेतलं. विमान काही बंदुकीच्या खेळासारखं गरकन वळत नाही. सेकंदाला ३० चित्रं स्थिरपणे मिळाली तरी ते छान उडतं. मधेच ६०, मधेच १५ असे हिसके बसले, तर मात्र उतरताना विमान आपटतं.

रॅम ३२ जीबी घेतली, पण १६-१६ च्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या असल्या की येण्या-जाण्याचे दोन रस्ते उघडतात. चार खाचा असतील तर त्या बहुतेक मदरबोर्डांत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. आणि बायोसमध्ये जाऊन रॅमचा खरा वेग चालू करायचा, नाहीतर जास्त वेगाचे पैसे मोजून ती कमी वेगाने चालते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका वाचण्यासाठी बी.ए. पुरेसं आहे.

साठवणीसाठी एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर १५० जीबी जागा मागतो. तरीही सगळी पृथ्वी त्यात मावत नाही. जमिनीची चित्रं उडता उडता इंटरनेटवरून येतात. म्हणून घरची इंटरनेटची जोडणी हाही एक सुटा भागच समजावा.

सगळ्यात जास्त वाद झाला तो एसएमपीएसवर. "त्यात काय एवढं, वीजच तर द्यायची," असं दुकानदार म्हणाला. आमच्या गावाकडे दिवे जातात, येतात, दाब वर-खाली होतो. तिथे हलका एसएमपीएस गेला, तर एकटा जाईलच असं नाही, सोबत इतरांनाही नेईल. नामांकित कंपनीचा ६५० वॅटचा घेतला. यूपीएस घेताना आणखी एक गोष्ट शिकलो. डब्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, पण तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. पुस्तकावरची किंमत आणि कवीच्या हाती पडणारी रक्कम यांत जो फरक असतो, तसा.

दिव्यांचं कॅबिनेट सोडून पुढे जाळी असलेलं घेतलं. कोकणातल्या उन्हाळ्यात काचेपेक्षा वारा बरा. आणि निघता निघता भाच्याच्या लक्षात आलं, की या प्रोसेसरच्या डब्यात पंखा येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. अल्लाने वाचवलं.

उरलेल्या पैशांतून जॉयस्टिक. दुकानदारांच्या कोटेशनमध्ये ती नसतेच, पण हात लागतो तो तिलाच. दांडी पिळली की शेपटीचं सुकाणू वळतं, अशी घेतली. त्यामुळे पायांनी दाबायचे पेडल तूर्त टळले. आत चुंबकावर चालणारा सेन्सर आहे ना, हे विचारून घ्यावं. घासून चालणारा झिजतो, धूळ खातो आणि मग विमान आपोआप डावीकडे जायला लागतं.

घरी येऊन भाच्याने रात्रभर जोडणी केली. सकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. आपा दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पदराने हात पुसत राहिली. लाख रुपये, आणि समोर काळी पाटी. माझ्या पोटात गोळा आला. अर्ध्या तासाने मी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली आणि सापडलं. या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, आणि आम्ही मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली होती. ती काढून ग्राफिक्स कार्डाला लावली, आणि पडदा उजळला. आपा म्हणाली, "चहा टाकते." बस्स, एवढंच.

पहिलं उड्डाण जुहूहून केलं, जिथे १९३२ साली टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. छोटं सेसना १७२ विमान. अलिबाग, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, किनारा धरून पाऊण तासात बाणकोटची खाडी आली. आपाने विचारलं, "आपलं घर दिसेल?" दिसलं, म्हणजे जागा दिसली. वाट, नारळ, खाडीचं वळण, सगळं जिथल्या तिथे. छप्पर मात्र संगणकाने स्वतःच्या कल्पनेने टाकलं होतं. उपग्रहाच्या चित्रावरून तो घरं अंदाजाने उभी करतो. आपा म्हणाली, "कौलं नाहीत आपली. पण आंगण तेच आहे."

आता खरं सांगायला हवं. या उड्डाणाचा एकही मिनिट परवान्याच्या २०० तासांत धरला जात नाही. घरी शिकलेली मुलं बाहेर क्षितिजाकडे न बघता तबकड्यांकडेच बघत बसतात, अशी प्रशिक्षकांची तक्रार असते, तीही रास्त आहे. पण नकाशा वाचणं, वाऱ्याचा हिशेब, यादी हातात धरून एकेक गोष्ट तपासणं, हे तो शिकला. उतरताना घाई झाली तर पुन्हा वर उठायचं, यात कमीपणा नाही, हेही शिकला.

तेव्हापासून बाजार पुढे गेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती आणली. तिची रॅमची शिफारस ३२ जीबी आहे, आदर्श म्हणून तर ६४. म्हणून माझ्याकडचे क्रमांक पाठ करू नका, क्रम लक्षात ठेवा. आधी पडदा ठरवा. मग चपळ प्रोसेसर, त्याला साजेसं कार्ड, जोडीची रॅम, भरवशाचा एसएमपीएस, आणि हातातल्या दांडीसाठी पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. दिवे सर्वांत शेवटी.

आणि पावत्या जपा. सुटे भाग घेतले की प्रत्येकाची वॉरंटी वेगळी असते, एका भागाची पावती दुसऱ्याला चालत नाही. आपाने सगळ्या पावत्या शिवणयंत्राच्या खणात ठेवल्या आहेत, घराच्या कागदपत्रांबरोबर. भाच्याने मागितल्या तर ती त्याला देते, पण काम झालं की परत मागून घेते.