फवारा घरात, हिशेब आपल्या वहीत
(जव्हार-मोखाडा कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा गोषवारा)

साथींनो, आवणी आटपली की पाड्यापाड्यांत थंडीताप येतो. माणूस पडला की मजुरी बुडते, मग सावकाराचं दार.

हा ताप डासाची मादी आणते. ती रात्री चावते आणि रक्ताने जड होऊन आपल्याच कुडाच्या भिंतीवर तिरकी बसते. म्हणून फवारा घरात, भिंतींवर मारायचा असतो. अंगणात मारून जाणाऱ्याला परत बोलवा. बायांनो, फवाऱ्यानंतर अडीच-तीन महिने भिंती सारवू नका. सणाला जमीन तेवढी सारवा. दारातलं डबकं दर आठवड्याला उपसा; अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

सरकारचा मलेरिया कार्यक्रम १९५३ पासून आहे. नियम असा, की कर्मचाऱ्याने दर पंधरा दिवसांनी घरोघर यायचं, तापकऱ्याच्या बोटाचं रक्त काचेवर घ्यायचं. तर पाड्याची एक वही करू. कोण आलं, कुणाचं रक्त घेतलं, गोळ्या कधी मिळाल्या, सगळं लिहू. कुणी आलंच नाही, तर तेही लिहू. भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवरून परतलेल्याला ताप असेल तर त्याचं रक्त आधी द्या.

फॉरेस्ट प्लॉटवरचं घर "यादीत नाही" म्हणून वगळतात. डास काही सातबारा बघून चावत नाही! तिथेही फवारा मारून घ्या, तारीख दारावर लिहून घ्या. आज ती तापासाठी. उद्या आपण तिथं राहतो हे सांगायलाही ती कामी येईल.

जिंदाबाद!