एका वर्षाच्या वाचनाची हकीकत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावर बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा होती. या विषयावर आम्ही शाळेत मुलांकडून इतके निबंध लिहवून घेतले आहेत की आता त्याचा उच्चारही नकोसा वाटतो. तेव्हा त्यांच्याच परवानगीने, सरल्या वर्षी आम्ही जे प्रत्यक्ष वाचले त्याची हकीकत तेवढी निवेदन करतो.

गुढीपाडव्यास आम्ही असा संकल्प केला की, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत दरमहा एक, याप्रमाणे बारा मराठी आत्मचरित्रे अथपासून इतिपर्यंत वाचावयाची. वर्षात अधिक मास नव्हता, म्हणून बारावर निभावले. पान गाळावयाचे नाही, कोणी केलेला संक्षेप चालावयाचा नाही, आणि ग्रंथ संपला की वहीत एक पान स्वहस्ते लिहावयाचे, असे नियम ठरविले.

आत्मचरित्रेच का, असे पुष्कळांनी विचारले. आपल्या ज्ञातीत वंशावळी घरोघर आहेत. पणजोबांचे नाव व कुलदैवत लहान मूलही सांगते. परंतु पणजोबा पहाटे उठून काय करीत, घरावर कर्ज कोणाचे होते, पणजीबाईंना लेकरे किती झाली व त्यांतली किती जगली, हे विचारले की सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ज्यांनी अशा गोष्टी लिहून ठेवल्या ती माणसे कोणत्या धातूची होती, हे आम्हांस पाहावयाचे होते.

आरंभ नाना फडणविसांपासून केला. त्यांचे आत्मवृत्त इतके लहान की चैत्राचा पहिला पंधरवडाही त्यास पुरला नाही. पुढे पेशवाईचा कारभार ज्याने वाहिला तो पुरुष 1761 साली पानिपताहून जीव वाचवून कसा निसटला हे स्वतः सांगतो, आणि तरुणपणीचे मनाचे चाळेही झाकीत नाही. त्यानंतर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घेतला. कोकणातील वरसईचा हा भिक्षुक मथुरेस बायजाबाई शिंदे यांचा यज्ञ होणार हे ऐकून दक्षिणेच्या आशेने निघाला आणि 1857 च्या वणव्यात सापडला. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. लुटला गेला, पण आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतला. हे पुस्तक 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापले खरे, परंतु त्यात त्यांनी आपला हात फिरविला होता. मूळ पोथीबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रसिद्ध केला. नियमानुसार आम्ही तोच मिळविला. त्या भाषेचा ठसकाच निराळा!

महर्षी कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (1915) वाचताना आमच्यातील शिक्षक जागा झाला. सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून घाट चढून साताऱ्यास पायी गेला. आणि तू वयाने लहान दिसतोस, असे म्हणून त्यास परीक्षेला बसू दिले नाही. आज आपली मुले बसस्थानक लांब पडते म्हणून शिकवणी बुडवितात, असो. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (1910), व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र, पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ (1928), आणि बुद्धाचा धर्म शोधीत गोव्यातून निघून नेपाळ व सिलोन गाठणाऱ्या धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ (1924), ही सारी एकेका महिन्यात झाली. दादोबांशी आमचे फारसे जमले नाही, हे सांगून टाकतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध) मात्र आम्ही एकट्याने वाचली नाहीत. दर गुरुवारी सायंकाळी मंडळाच्या खोलीत ती मोठ्याने वाचून दाखवू लागलो. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घेणारे त्यांचे सोवळेकरी वडील आले तेव्हा खोली हसून लोटपोट झाली. प्रत्येकाच्या घरी असा एक आजोबा होताच! पुढे पतीने 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरची त्यांची तगमग ऐकताना कोणी हसले नाही. एका रात्री त्या स्वतःशीच विचार करू लागतात, आणि जात ही माणसाने केली आहे या निर्णयास येतात. तेव्हापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. ज्ञातिमंडळाच्या खोलीत, ज्ञातिबांधवांच्या तसबिरींखाली हे पान वाचताना आमचा आवाज किंचित हलला, हे श्रोत्यांच्या ध्यानी आले असेलच.

यानंतर आम्ही दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) घेतले. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांस सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना त्यात आहे. पहिल्या गुरुवारी वीस-बावीस मंडळी होती, तिसऱ्या गुरुवारी सात उरली. एका आदरणीय सभासदांनी विचारले, “मास्तर, हे आपल्या मंडळात कशाला?” आम्ही पुढचे पान वाचावयास घेतले.

त्या सात जणांत एक वयोवृद्ध भगिनी होत्या. वाचन संपले तरी त्या उठेनात. मग म्हणाल्या, “मास्तर, आमच्या माहेरच्या विहिरीवर ती माणसे ओंजळ धरून उभी असत. वरून पाणी ओतायचं काम माझ्याकडे असे. मी आठ वर्षांची होते. कधी कधी मी मुद्दाम हळू ओतीत असे.” एवढे बोलून त्यांनी पदर सावरला व चपला घातल्या. ही गोष्ट त्यांनी साठाहून अधिक वर्षे सासरी किंवा माहेरी कोणापाशी काढलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या अनुमतीने व नावावाचून, ती वहीत उतरवून घेतली.

शेवटचा ग्रंथ शांताबाई कांबळ्यांची ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ (1986). सोलापूर जिल्ह्यातील या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर लिहावयास बसल्या. तेव्हा, वय झाले, आता काय लिहायचे, ही सबब निदान आम्हां शिक्षकांस उरलेली नाही.

आता मंडळापुढे आमची एक विनंती. स्मरणिकेत आपण दरवर्षी गुणवंतांच्या याद्या, देणगीदारांची छायाचित्रे व वधूवर-सूचना छापतो. त्या अवश्य छापाव्यात. त्यांच्यासोबत प्रत्येक अंकात चार पाने घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकतींस द्यावीत. कार्यकारिणीत हा विषय निघाला तेव्हा, घराण्याची अब्रू जाईल, अशी शंका आली. शंका खोटी नाही. कर्ज, सोवळे, सुनांचे हाल, विहीर, सारेच निघेल. परंतु केवळ मानपत्रेच छापावयाची तर पोरेबाळे ती वाचणार नाहीत, आणि सांगणारी माणसे तर दरवर्षी उणी होत आहेत. गेल्या संमेलनात पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी तिघे आज नाहीत. त्यांतील एकास आम्ही वही घेऊन येतो म्हणून सांगितले होते. त्यांनी दिवसही ठरविला होता, पण तो दिवस त्यांना लाभला नाही.

कोषाध्यक्षांनी शंभर पानी वह्यांचा खर्च मंजूर केला आहे. वह्या खोलीतील कपाटात ठेवल्या असून किल्ली आमच्यापाशी आहे. ज्यांना लिहिता येत नाही वा दिसत नाही त्यांनी निरोप धाडावा, आम्ही घरी येऊन लिहून घेऊ. येत्या पाडव्यापासून दुसरी बारा पुस्तके आरंभीत आहोत. पहिले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980). वाचन गुरुवारी, सायंकाळी सहा वाजता.