गाठीचा तुकडा आणि 'हर-टू'



आम्ही डॉक्टर नाही, सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातले तंत्रज्ञ. औषध कोणते घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. स्तनातल्या गाठीचा तुकडा आमच्या टेबलावर आल्यावर काय होते, तेवढे सांगतो.

पेशीच्या आवरणावर प्रथिनांचे रिसेप्टर असतात. मराठी पुस्तकांत त्यांना 'ग्राही' म्हणतात, आमच्या तोंडी रिसेप्टरच. बाहेरचा निरोप ते आत पोचवतात. 'हर-टू' हा वाढीचा निरोप देणारा. निरोगी पेशीवरही तो थोडा असतो, पण स्तनाच्या कर्करोगात शंभरातल्या साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत तो बेसुमार वाढलेला असतो आणि पेशी थांबायचे नाव घेत नाहीत. अशा गाठी लवकर उलटतात, हे अमेरिकेत डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. तेव्हा 'पॉझिटिव्ह' ही निव्वळ वाईट बातमी होती. १९९८ मध्ये तिथे ट्रॅस्टुझुमॅबला मंजुरी मिळाली. हे याच रिसेप्टरला बाहेरून चिकटणारे प्रतिपिंड. आता तोच रिपोर्ट उपचाराची वाट दाखवतो. २०१४ पासून आपल्याकडे त्याची देशी आवृत्तीही मिळते, तरी खर्च मोठाच.

आमची तपासणीही त्याच युक्तीची. स्लाइडवर प्रतिपिंड सोडायचे, ते चिकटले की तपकिरी रंग उमटवता येतो. बऱ्याचशा पेशींभोवती गडद, पूर्ण कडे दिसले तर ३+, काहीच नसले तर ०. २+ म्हणजे नक्की सांगता येत नाही, मग 'फिश' ही जनुकाची तपासणी करावी लागते. तिला वेळ लागतो. त्या दिवसांत 'रिपोर्ट अडकवला' म्हणून खिडकीवर भांडण होते, ते टाळलेत तर आमच्यावर उपकार होतील!

खरी अडचण तुकडा येतो कसा, ही आहे. काढल्यापासून तासाभरात तो फॉर्मॅलिनमध्ये पडावा, आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा. आमच्याकडे कधी तो कोरड्या डबीत, कधी सलाइनमध्ये, देवास-धारकडून बसने दुसऱ्या दिवशी येतो. अशा तुकड्यावर रंग उमटला नाही, तर रिसेप्टर नव्हताच की नासला, हे कोणाला सांगता येणार? आणि कुणाच्या तरी आईचे औषध त्यावरच ठरायचे असते.

म्हणून डबी तुमच्या हातात दिली, तर आत फॉर्मॅलिन आहे का, वर काढल्याची वेळ लिहिली आहे का, हे तिथेच विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला मुंबईला निघालात, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. मेणाचा ठोकळा, म्हणजे 'ब्लॉक', मागून घ्या. तो उन्हात ठेवू नका, वितळतो.