पेढीवरून काउंटरवर
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



व्यवसायाविषयी युवकांशी दोन शब्द बोलावेत, अशी सूचना मला झाली. मी निवडलेला विषय काहींना खटकेल. मोठ्या कंपन्यांच्या दुकानांतील नोकरी! ज्या समाजाची ओळखच पेढी, गल्ला आणि चोपडा अशी, त्यांच्या मुलांनी दुसऱ्याच्या काउंटरवर उभे राहावे काय? हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

मुंबईची बोट धरमतरला लागे आणि माणसे तेथून पुढे रस्त्याने पेण-रोह्याकडे जात, त्या काळी दुकान हीच पिढ्यान्‌पिढ्यांची तरतूद होती. २००१ मध्ये कोलकात्यात पहिले बिग बाजार उघडले, २००२ मध्ये पवईला पहिले डी-मार्ट आले, आणि पुढील वीस वर्षांत गिऱ्हाइकाची सवयच बदलली. गिऱ्हाईक गेले तिकडे मुलगा गेला, तर त्याला बोल कशाला लावायचा?

प्रथम लाभाची बाजू. कायम नेमणूक असेल तर ठरलेल्या तारखेला पगार, आठवड्याची सुटी, भविष्य निर्वाह निधी. वेतनाच्या बारा टक्के कामगाराचे, तितकेच मालकाचे. महिना एकवीस हजारांपर्यंत वेतन असल्यास राज्य कामगार विमा. त्यात जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. आपल्या दुकानातला मुलगा सकाळी आठ ते रात्री दहा राबतो. त्याच्या नावावर यातले काय जमा होते? त्याला आपण संस्कार म्हणतो. हिशेबाच्या वहीत मात्र त्याचे पान नसते. मुलींचा विचार केला, तर स्वतःच्या नावाचे पगारी खाते ही गोष्ट अनेकींना प्रथम अशा नोकरीनेच दिली.

आता दुसरी बाजू. दिवसभर उभे राहणे हे या नोकरीतील खरे कष्ट. दुकानातील कामगाराला बसायला जागा मिळावी, एवढ्यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरून काय ते समजावे. सणासुदीला सुटी मिळणे कठीण. स्वातंत्र्यदिनाच्या सवलतींची गर्दी पर्युषणाच्या आगेमागे येते, आणि संध्याकाळच्या पाळीत चौविहार पाळायचा तर सूर्यास्तापूर्वी जेवणाची सुटी मागून घ्यावी लागते. ती नेमणुकीपूर्वीच मागावी. नंतर मागितली की ती कुरकुर ठरते.

याहून गंभीर प्रश्न नेमणूकपत्राचा आहे. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि पगारपत्रकावर दुसरेच, कंत्राटदाराचे, असा प्रकार या व्यवसायात सर्रास आढळतो. डी-मार्टसारख्या यशस्वी कंपनीतही कायम कर्मचाऱ्यांपेक्षा कंत्राटी कामगारांची संख्या कितीतरी जास्त आहे. गणवेश सारखा असला तरी वेतनवाढ आणि बढती यांत अंतर पडते. मुलगा ‘मोठ्या कंपनीत लागला’ असे सांगणाऱ्या आईवडिलांनी तो कागद एकदा डोळ्यांखालून घालावा.

आणि मोठी कंपनी म्हणजे कायमची कंपनी नव्हे. बिग बाजार चालविणाऱ्या फ्यूचर समूहाने दुकानांची साखळी देशभर पसरली, ती बरीचशी भाड्याच्या जागेत आणि कर्जावर. टाळेबंदीत विक्री थांबली. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सला व्यवसाय विकण्याचा करार जाहीर झाला, ॲमेझॉनने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयांत अडकले. दरम्यान अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने त्या ताब्यात घ्यायला आरंभ केला. जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेलवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आणि २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. नव्या मालकाने पुष्कळ कर्मचाऱ्यांना काम देऊ केले, ही गोष्ट खरी. तरी काल ज्या दुकानात पाळी भरली तेथे आज कुलूप, हा अनुभव कित्येकांच्या वाट्याला आलाच.

याउलट डी-मार्टने शक्य तेथे जागा स्वतःच्या मालकीची ठेवली आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून स्वस्त भाव मिळविला. आपल्या आजोबांना यात नवे काही वाटले नसते! ही रीत जवळून पाहायला मिळते, म्हणून मी अशा नोकरीच्या बाजूचा आहे. कोणता माल किती दिवसांत हलतो, मोडतोड व चोरीपोटी किती जातो, फळीवर कोणती वस्तू कुठे ठेवली की खपते, हे तेथे रोजच्या आकड्यांत दिसते. आपल्या दुकानात ते अंदाजाने चालते.

म्हणून युवकांना माझी सूचना अशी. नोकरी करायची तर कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावर करा. केवळ बिलिंगवर न राहता माल उतरविणे, साठा मोजणे, खरेदी ही कामे मागून घ्या. तीन-चार वर्षे द्या. निर्वाह निधीचा क्रमांक जपा. नोकरी बदलली तरी तो आपलाच राहतो.

वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की त्या अवधीत दुकानाचा परवाना आणि जागा सोडू नका. मुलगा परत आला, तर त्याला पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसवू नका. साठ्याची वही त्याच्या हाती द्या आणि महिन्याचा पगार ठरवून द्या.

जय जिनेंद्र.