आईचं चावीचं घड्याळ

आजचा विषय जरा वेगळा आहे. घरातलं जुनं मनगटी घड्याळ. तुम्ही म्हणाल, मोबाईल आल्यापासून घड्याळ बघतंय कोण? पण ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, शिवणयंत्राच्या पेटीत असं एखादं बंद घड्याळ तुमच्याकडे असणारच. लग्नात जावयाला दिलेलं, नाहीतर सासऱ्यांना निवृत्त होताना मिळालेलं.

माझी आई उपकेंद्रात नर्स होती. तिच्या हातात एचएमटीचं 'जनता' होतं, पुरुषांचं, मोठ्या तबकडीचं. बायका हसायच्या, "बाई, मालकांचं घड्याळ घालून आलात का?" तेव्हाच्या बऱ्याच लेडीज घड्याळांना सेकंदाचा काटाच नसायचा, आणि आईला नाडी मोजायला तो लागायचा. गावात बाळ जन्मलं की वेळ त्याच घड्याळावरून लिहिली जायची. पुढं पत्रिका करताना लोक आमच्या घरी विचारायला यायचे.

एचएमटी ही सरकारी कंपनी. तिनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं 1961 साली बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली. बायकांसाठी 'सुजाता' होतं, पुरुषांसाठी 'जनता', 'पायलट'. पुढं टायटनची सेलवरची घड्याळं आली आणि चावीची मागं पडली. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. बंद पडणार म्हटल्यावर लोकांना आठवण आली! तेव्हापासून जुन्या घड्याळांना शौकीन गिऱ्हाईक आहे. म्हणून दारात येऊन कुणी म्हणालं, "ताई, बंद घड्याळ द्या, स्टीलची वाटी घ्या," तर लगेच उठून देऊ नका.

आता माझी चूक सांगते. आई गेल्यावर मी ते घड्याळ एका दुकानात दिलं. म्हटलं, नवीन करून द्या. त्यांनी खरंच नवीन करून दिलं. तबकडी खरवडून पांढरीफेक रंगवली, वर 'जनता' छापलं, तेही किंचित तिरकं. तीनच्या आकड्यापाशी आईच्या वेळचा एक पिवळा डाग होता. तो गेला. पैसे देऊन मी आईची खूण पुसून घेतली. रस्त्यात उभी राहून रडले. दुकानदाराचा तरी काय दोष, मीच तोंडानं 'नवीन करा' म्हणाले होते.

तेव्हा दुरुस्तीला देताना शब्द नीट वापरा. "मशीन साफ करा, तेल द्या, तबकडीला आणि काट्यांना हात लावू नका," असं सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. बदललेला सुटा भाग परत मागा. सोनाराकडं आपण मोडीचा हिशेब मागतोच की! जाणता घड्याळजी मशीन पूर्ण खोलतो, पेट्रोलमध्ये धुतो आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल देतो. घरी खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल सोडू नका. ते घट्ट होतं, त्यात धूळ चिकटते आणि चाकं अडकतात. काच प्लॅस्टिकची असेल तर मऊ फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन हलके चोळा, बारीक ओरखडे जातात. आत वाफ धरली तर मात्र तांदळाच्या डब्यात ठेवून वाट बघत बसू नका. गंजाला वेळ लागत नाही, त्याच दिवशी घड्याळजी गाठा.

विकत घ्यायचं असेल, कुणाला आवड असते, तर आधी कानाला लावा. टिकटिक एकसारखी हवी, लंगडी नको. चावी द्या, वेळ पुढंमागं करून बघा. मग तबकडी बघा आणि घड्याळ पालथं करा. तबकडी कोरी चमकतेय, रंग भडक आहे आणि मागचं झाकण झिजून गुळगुळीत झालंय, तर तबकडी नंतर रंगवलेली असण्याचीच शक्यता जास्त. मोबाईलवर अशी घड्याळं 'जुनी अस्सल' म्हणून खूप विकतात. वापरायला वाईट नसतात, पण अस्सलची किंमत देऊ नका. आमच्या गटातल्या एकीनं मुलाच्या वाढदिवसाला भिशीच्या पैशातून असंच एक मागवलं, आठ दिवसांत बंद पडलं. उघडलं तर आतलं मशीन तीन घड्याळांचे तुकडे जोडून केलेलं! परत करायची मुदतही उलटून गेली होती. म्हणून मी म्हणते, पहिलं घड्याळ हातात घेऊन, चालवून बघूनच घ्या. आणि त्याहून आधी स्वतःच्या घरातली ट्रंक उघडा.

चावी रोज ठरलेल्या वेळी द्या, हातातून काढून. कडक लागलं की थांबा, जोर लावला की काम वाढलं. धुणंभांडी करताना, जनावरं धुताना काढून ठेवा. स्पीकरजवळ ठेवू नका, लोहचुंबकानं आतली बारीक स्प्रिंग चिकटते आणि घड्याळ पळत सुटतं. सेलवरचं घड्याळ बंद ठेवायचं असेल तर आधी सेल काढून घ्या, तो गळला की मशीन खातो. आणि तो बटणाएवढा सेल लहान मुलाच्या हाती पडू देऊ नका. पोरानं गिळला तर आतून भाजतं. उलटीची वाट न बघता तडक दवाखान्यात न्या.

आईचं घड्याळ अजून चालतंय. तबकडी गेली, पण मागच्या झाकणावर तिच्या हातच्या बांगड्यांचे ओरखडे तसेच आहेत. माझी लेक नर्सिंगला आहे, ती घालते. सकाळी उठल्यावर आधी चावी देते. दिवसाला दोन मिनिटं मागं पडतं, मग रेडिओवरच्या बातम्यांची वेळ ऐकून लावून घेते.

बरं, येते. नमस्कार.