शस्त्रक्रियेनंतरचे मौन



मुलाच्या मेंदूतील गाठ काढायची, तर गोंदियाच्या आईला बहुधा नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. शस्त्रक्रिया पार पडते, मूल डोळे उघडते, दोन शब्द बोलते. आणि एक-दोन दिवसांनी अगदी मुके होते! आईच्या तोंडचे पाणी पळते.

डॉक्टरांना हे लगेच सांगावे. पण धीर सोडू नये. मानेच्या वर, कवटीच्या मागल्या भागात लहान मेंदू असतो. तेथील मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ काढल्यावर सुमारे चारांतील एका मुलाची वाचा अशी जाते. मुलाला ऐकू येते, पुष्कळसे समजतेही. काही आठवड्यांत वा महिन्यांत शब्द बहुधा परततात. मात्र प्रथम अडखळत. तोवर त्याच्याशी बोलत राहा. ‘बोल, बोल’ म्हणून सक्ती करू नका. वाचोपचार व व्यायाम चुकवू नका.

परंतु घरी आल्यावर ताप, जखमेतून पाण्यासारखा स्राव, वारंवार वांती, वाढती गुंगी किंवा झटके दिसले, तर सकाळच्या गाडीची वाट पाहू नका. त्याच घडीला जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

मौनापाशी धीर आणि या खुणांपाशी घाई, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.