तक्रार आणि तकरार

(बालसंरक्षणविषयक पुस्तकाच्या मराठी अनुवादाच्या निमित्ताने जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अनुवादकाला अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्दच अधिक अडवितात. हे पुस्तक मराठीत आणताना मी सर्वांत अधिक काळ थांबले ती 'तक्रार' या शब्दापाशी. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ पुनरुक्ती, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगणे. मराठीत तो आला आणि अन्यायाची नोंद असा अर्थ घेऊन स्थिरावला. हिंदीत तोच शब्द 'तकरार' झाला आणि त्याचा अर्थ झाला भांडण. 1956 पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे या दोन्ही भाषा येथे शेजारी नांदल्या. मराठी माणसाने येथील कचेरीत 'माझी तक्रार आहे' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या कानी भांडणाचा शब्द पडण्याचा संभव असतो.

हा केवळ भाषेचा योगायोग म्हणून मी सोडून दिला असता. परंतु पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण याच गैरसमजाविषयी आहे, असे मला पुढे दिसून आले. बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या समाजसेवकाच्या वर्तनाविरुद्ध आईबाप जेव्हा दाद मागतात, तेव्हा ते सांगतात तक्रार आणि व्यवस्था ऐकते तकरार.

या समाजसेवकाचे काम काय असते? एखादे मूल मारहाणीला, उपेक्षेला वा शोषणाला बळी पडत आहे अशी सूचना मिळाली की तो त्या घरी जातो, मुलाला पाहतो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि अहवाल लिहितो. आपल्या 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार असे मूल 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. सामाजिक तपासणी 15 दिवसांत पुरी व्हावी आणि समितीने चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश द्यावा, अशी योजना आहे. त्या मुलाने कोठे राहावे हे पुष्कळ अंशी त्या अहवालावर ठरते. ज्यांच्याविषयी तो लिहिला जातो ते आईबाप बहुधा त्याचे वाचकही नसतात.

त्यांचे म्हणणे साधारणतः साधे असते. आमचे पुरते ऐकून घेतले नाही. शेजाऱ्याने वैराने सांगितले तेच लिहून घेतले. मुलांदेखत आमचा पाणउतारा केला. मूल कोठे ठेवले आहे आणि पुढची तारीख कोणती, हे कोणी सांगितले नाही. हे सारे बोलावे तर मनात भीती उभी राहते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याच लेखणीवर मूल परत येणे अवलंबून आहे. आवाज चढला तर 'पालक उग्र स्वभावाचे आहेत' अशी नोंद होईल आणि गप्प राहावे तर 'पालकांना आस्था दिसत नाही' अशी. उपायासाठी उचललेले पाऊलच पुरावा म्हणून अंगावर येण्याची ही भीती निराधार म्हणता येत नाही.

तथापि या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. हा समाजसेवक पुष्कळदा एकटा, तुटपुंज्या वेतनावर, जेथे पोलिसही बिचकत जातात अशा घरात पाऊल टाकतो. मुलाला छळणारा मनुष्य आपला छळ उघडकीस येऊ नये म्हणून तक्रारीचाच धाक घालू शकतो. आणि समाजसेवक कचरला तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. 1973 च्या जानेवारीत ब्रायटन येथे मारिया कोल्वेल ही सात वर्षांची मुलगी सावत्र बापाच्या मारहाणीने मरण पावली. पालनपोषण करणाऱ्या नातलगांकडून तिला आईच्या घरी परत पाठविण्यात आले होते. शेजाऱ्यांनी आणि शिक्षिकेने वेळोवेळी सांगूनही धोका वेळीच ओळखला गेला नाही. पुढे सार्वजनिक चौकशी झाली आणि 1974 मध्ये तिचा अहवाल आला.

त्यानंतर चौदा वर्षांनी त्याच देशात याच्या अगदी उलट घडले. 1987 मध्ये क्लीव्हलंड परगण्यात काही महिन्यांच्या अवधीत 121 मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचे वैद्यकीय निदान करण्यात आले आणि अनेक मुले घरांतून हलविली गेली. आईबाप प्रथम कचेऱ्यांत गेले. तेथे दाद लागेना तेव्हा ते संसदसदस्य स्टुअर्ट बेल यांच्याकडे आणि वृत्तपत्रांकडे गेले. न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांचा चौकशी अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुले पुढे घरी परतली. शोषण होतच नाही, असे त्या अहवालाने म्हटले नाही. निदानाची घाई, खात्यांमधील बेबनाव आणि आईबाप व मुले या दोघांचेही न ऐकणे, हे दोष त्याने दाखविले.

ब्रायटनला हस्तक्षेप थोडा पडला आणि क्लीव्हलंडला अधिक झाला. दोन्हीकडे बाहेरून कोणीतरी पुन्हा पुन्हा काही सांगत होते, आणि ते सांगणे कटकट समजले गेले. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. तक्रार ही बालसंरक्षणाच्या आड येणारी गोष्ट नाही, ती त्याच्या यंत्रणेचा एक आवश्यक भाग आहे. इंग्लंडच्या 1989 च्या बालक कायद्याने स्थानिक संस्थांना तक्रारींची रीतसर व्यवस्था करणे बंधनकारक केले आणि तिच्या विचारात त्या संस्थेबाहेरची किमान एक स्वतंत्र व्यक्ती असलीच पाहिजे, अशी अट घातली.

परक्या देशात गेलेल्या आपल्या कुटुंबांच्या बाबतीत भाषेचा अडसर आणखी वाढतो. 2011 मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे एका बंगाली दांपत्याची दोन लहान मुले बालसंरक्षण खात्याने ताब्यात घेतली. हाताने भरविणे आणि मुलाला आपल्या अंथरुणात निजविणे हे आमचे दोष ठरविले गेले, असे आईबापांनी सांगितले. संस्कृतिभेद हे कारण असल्याचे नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी मात्र नाकारले. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण अनुवादक म्हणून मला एवढे ठाऊक आहे की 'भरविणे' या क्रियापदातली माया अहवालाच्या भाषेत उतरत नाही. 2012 च्या एप्रिलमध्ये मुले भारतात काकांच्या हवाली झाली. आईला येथेही बालकल्याण समितीकडे आणि पुढे कलकत्ता उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा 2013 च्या जानेवारीत मुले तिच्याकडे आली. तिला आपले म्हणणे दोन देशांत पुन्हा पुन्हा मांडावे लागले.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करू. येथे दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करावयाचे असते. वर्तनाविषयी किंवा कामाच्या रीतीविषयी गाऱ्हाणे असेल तर वाट वेगळी. समितीच्या कारभाराविषयीची तक्रार कायद्याच्या कलम 27 नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या कलेक्टरसाहेबांकडे करता येते. मूल किंवा मुलाशी संबंधित कोणीही ती करू शकते, आणि दोन्ही पक्षांना ऐकूनच निर्णय द्यावयाचा असतो. निष्पक्ष सुनावणी, पूर्वग्रहापासून मुक्तता आणि फेरविचाराचा हक्क ही तत्त्वे कायद्याच्या आरंभीच, कलम 3 मध्ये, नमूद आहेत.

मात्र येथे एक उणीव राहते. 2021 च्या दुरुस्तीने जिल्हा बाल संरक्षण एकक जिल्हादंडाधिकाऱ्यांच्याच देखरेखीखाली आले. देखरेख करणारा आणि गाऱ्हाणे ऐकणारा एकच असला, तर तो कितीही सज्जन असो, त्याच्यावर ओझे पडतेच. 2005 च्या कायद्याने झालेला राज्य बालहक्क संरक्षण आयोग बाहेरचा आहे, पण त्याचे कार्यालय भोपाळला. रोजंदारी बुडवून तेथपर्यंत कोण जाईल? म्हणून जिल्ह्यातच, खात्याबाहेरची एक व्यक्ती तक्रारीच्या वेळी हजर असावी, असे मी सुचविते. त्यात समाजसेवकाचेही हित आहे. खोटी तक्रार खात्यातल्या माणसाने फेटाळली तर संशय उरतो, बाहेरच्याने फेटाळली तर त्याचे नाव स्वच्छ होते.

आईबापांनाही माझी विनंती आहे. तक्रारीत दिवस, वेळ आणि उच्चारलेले शब्द लिहावेत. आपला राग खरा असला तरी कागदावर घटनाच टिकते. अर्जाची प्रत आणि पोच जवळ ठेवावी. जे लिहिता येत नाही ते दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे, परंतु आपल्या भाषेत वाचून घेतल्याखेरीज अंगठा उमटवू नये. आणि तक्रार वाचणाऱ्याने इतकेच करावे: ती आईबापांच्या स्वभावाची परीक्षा मानू नये. रागावलेली आई चुकीचीच असते असे नाही, आणि शांत बाप निर्दोषच असतो असेही नाही. घडले काय, एवढे पाहावे.

या साऱ्यांत मूल कोठे आहे, असे कोणी विचारील. ते मधोमध आहे. त्याला दोन्हीकडचे लोक हवे आहेत, दार ठोठावणारेही आणि दाराआड वाट पाहणारेही. त्यांनी एकमेकांचे ऐकले नाही तर त्याचे मोल तेच देते.

मूळ पुस्तकातील त्या प्रकरणाला मी शेवटी 'तक्रार' हेच नाव ठेवले. छपाईपूर्वी 'गाऱ्हाणे' आणि 'दाद' हे दोन्ही शब्द मी योजून पाहिले होते. पण पुन्हा सांगणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ मला सोडवेना. आईबाप पुन्हा सांगत आहेत, कारण पहिल्यांदा कोणी ऐकले नाही.